छेदातला x वजा एक

आमच्या कॉलेजात काही नवं येणार असलं की आधी एखाद्या खोलीला रंग लागतो. वरच्या मजल्यावरच्या कोपऱ्यातल्या खोलीला पोपटी रंग लागला, दारावर ‘गणित प्रयोगशाला’ अशी पाटी चढली, आणि ही बातमी गणित विभागाला म्हणजे आम्हाला सगळ्यांत शेवटी कळली. तोवर त्या खोलीत खेळाच्या विभागाची फाटकी जाळी आणि हवा गेलेले फुटबॉल असायचे. फुटबॉल जिन्याखाली गेले, त्यांच्या जागी संगणक आले, आणि प्राचार्यांनी जाहीर केलं की यापुढे आपल्या कॉलेजात गणित कागदावर होणार नाही.

जबलपूरच्या या खाजगी कॉलेजात मी बी.एस्सी.च्या मुलांना शिकवते, बरीच वर्षं झाली. विभागात तेव्हा आम्ही दोघंच होतो. सर विभागप्रमुख, आणि मी विभाग. सरांचं घराणं भंडाऱ्याकडचं, वडील रेल्वेत होते म्हणून इकडचे झालेले. माझे वडील संरक्षण खात्याच्या कारखान्यात लागले म्हणून आम्ही इकडचे. वर्गात आम्ही दोघंही हिंदीतून शिकवायचो, आपसात मराठी बोलायचो, आणि ज्या गोष्टी प्राचार्यांच्या कानावर जाऊ नयेत त्या तर अगदी त्यांच्यासमोर मराठीतून बोलायचो. प्राचार्य लहानपणापासून मराठी शेजाऱ्यांत वाढलेले. त्यांना सगळं कळत होतं हे आम्हाला फार उशिरा कळलं.

ते मूळचे रसायनशास्त्राचे. भोपाळला कुठल्याशा संमेलनाला गेले आणि ‘पेपरलेस’ हा शब्द घेऊन परत आले. त्या शब्दाच्या मागोमाग इंदूरच्या एका कंपनीचा माणूस आला. हसतमुख, इस्त्रीचा शर्ट, प्रत्येकाला ‘जी’ लावणारा. मी मॅडम जी, सर सर जी, आणि पाणी आणून देणारे आमचे शिपाई भैया जी. त्याने जे सांगितलं ते ऐकून, खरं सांगते, मला आनंदच झाला. म्हणाला, यात गोलात टिंब करायची भानगड नाही. मुलगा स्वतः उत्तर लिहील, म्हणजे टाइप करील, आणि पोटात बीजगणित जाणणारं सॉफ्टवेअर आहे ते उत्तर समजून घेऊन तपासेल. वह्यांच्या गठ्ठ्यांनी माझा खांदा कायमचा उतरला होता. मी सरांना म्हटलं, “सर, खरंच चांगलं दिसतंय.”

सर म्हणाले, “मॅडम, रंग चांगला दिसून राहिला. बाकी पाहू.”

प्रश्न टाकायचं काम अर्थातच विभागाकडे आलं, आणि विभाग म्हणजे कोण ते वर सांगितलंच आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत चेरीतालच्या घरी कूलरसमोर लॅपटॉप घेऊन मी बसले. सगळ्यांत सोपा प्रश्न आधी घेतला. ‘सरल कीजिए’ असं लिहिलं आणि पुढे टाकलं, 3x + 2x. पडद्यावर उमटलं, ‘सरल कीजिए: 5x’.

मला वाटलं, उन्हाने डोळे गेले. पुन्हा टाकलं. पुन्हा 5x. मग चार अष्टमांश टाकून पाहिले, तर पडद्यावर एक द्वितीयांश. मग (x + 1) गुणिले (x − 1), भागिले (x − 1) असा जरा मोठा घास दिला. यंत्राने वरचा आणि खालचा x − 1 काटून टाकला आणि ‘सरल कीजिए: x + 1’ असा, विद्यार्थ्याला काहीही त्रास होऊ नये असा प्रश्न तयार केला.

नवरा वर्तमानपत्रातून डोकं वर काढून म्हणाला, “काय झालं? स्वतःशीच काहून बोलून राहिली?”

“मी प्रश्न लिहिते आणि हे त्याचं उत्तर छापतं,” मी म्हटलं.

“मग बरं आहे की. मुलं पास होतील.”

तो रेल्वेच्या ऑफिसात आहे. काम आपोआप उरकणं यात तक्रार करण्यासारखं काय आहे हे त्याला आजही पटलेलं नाही.

मी इंदूरला फोन लावला. तो माणूस अत्यंत अभिमानाने म्हणाला, “मॅडम जी, सिस्टम स्मार्ट है. आप जो भी डालेंगी, वो अपने आप सरल कर देगा.”

“लेकिन वो तो बच्चों को करना है.”

“बच्चे भी करेंगे, मॅडम जी.”

“क्या करेंगे? बचा क्या है?”

मग तो म्हणाला, “मैं टेक्निकल टीम को बता देता हूँ.”

ही टेक्निकल टीम पुढे वर्षभर आमच्या आयुष्यात होती. तिला कोणी पाहिलं नाही.

मी माझ्या परीने थोडं वाचून काढलं. या जातीची सॉफ्टवेअर मुळात इंजिनियरांसाठी आणि शास्त्रज्ञांसाठी केलेली. त्यांच्यापुढे पान पान लांबीच्या पदावल्या येतात. म्हणून पदावली आत घेतानाच झाडून-पुसून घ्यायची यंत्राला सवय लावलेली असते. सारखी पदं एकत्र करायची, वर आणि खाली एकच अवयव दिसला की काटायचा, उरलेलं आपल्या क्रमाने लावून ठेवायचं. तसं केलं नाही तर मोठ्या गणितात यंत्र स्वतःच्याच पसाऱ्यात गुदमरेल. यात यंत्राची काही चूक नाही. आवराआवर करणं हा त्याचा स्वभाव, आणि त्या स्वभावाचा माणूस आम्ही परीक्षक म्हणून आणून बसवला होता.

टेक्निकल टीमचं उत्तर यायच्या आत उद्घाटन आलं. संस्थेचे अध्यक्ष आले, हार आले, स्थानिक वर्तमानपत्राचा फोटोग्राफर आला. अध्यक्षांचा लाकडाचा व्यवसाय. गणिताशी त्यांचा संबंध शाळेत तुटला तो तुटलाच. त्यांना मधल्या खुर्चीवर बसवलं आणि मोठ्या पडद्यावर पहिला प्रश्न आला, ‘सरल कीजिए: 5x’.

अध्यक्ष पडद्याकडे बघत राहिले. चष्मा पुसला. प्राचार्यांच्या कपाळावर घाम आला. शेवटी अध्यक्षांनी एका बोटाने, सावकाश, 5 दाबला आणि मग x दाबला. पडद्यावर हिरवी खूण उमटली, टाळ्यांचा आवाज आला आणि अक्षरं आली, ‘शाबाश! पूर्ण अंक.’ मग खऱ्या टाळ्या वाजल्या. अध्यक्ष इतके खूश झाले की उभं राहून म्हणाले, “हमारे ज़माने में गणित ऐसा पढ़ाया जाता तो हम भी आज कुछ होते.”

सर माझ्या शेजारी उभे होते. म्हणाले, “मॅडम, प्रश्नातच उत्तर देऊन राहिलं हे.”

“सर, हळू बोला.”

“हळू काहून? इथं समजून कोण राहिलं?”

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात फोटो आला. अध्यक्षांच्या डोक्यामागे पडद्यावर 5x स्पष्ट दिसत होतं, दोन वेळा, प्रश्न म्हणून आणि उत्तर म्हणून.

काही दिवसांनी इंदूरहून निरोप आला की दुरुस्ती झाली. आता प्रश्न मी टाकला तसाच दिसेल, आवरून दिसणार नाही. मी पाहिलं, खरंच दिसत होता. मी त्या माणसाचे आभारही मानले. मग पहिली चाचणी झाली आणि वर्गाला पैकीच्या पैकी गुण पडले.

सगळा वर्ग. त्यात दीक्षितपुऱ्याचा एक मुलगा होता, ज्याला अपूर्णांकांची बेरीज करायला सांगितली की तो अंशात अंश आणि छेदात छेद मिळवून मोकळा व्हायचा. त्यालाही पूर्ण गुण. प्राचार्यांनी मिठाई मागवली. सरांनी मिठाई खाल्ली आणि हात पुसून मुलांनी टाइप केलेली उत्तरं उघडली.

मुलांनी प्रश्नच परत लिहिला होता. जशाच्या तसा. ‘सरल कीजिए’च्या पुढे जे होतं ते उचलून उत्तराच्या चौकटीत टाकलं होतं. मागच्या बाकावर कोणाला तरी हे सुचलं आणि चाचणी संपायच्या आत पुढच्या बाकापर्यंत पोचलं. आणि यंत्राच्या दृष्टीने ते बरोबरच होतं. ते मुलाचं उत्तर आत घ्यायचं, आवरायचं, माझं उत्तरही आवरायचं, आणि दोन्ही एकच निघालं की हिरवी खूण द्यायचं. प्रश्न आणि त्याचं उत्तर आवरल्यावर एकच निघणार नाही तर काय होणार?

आम्ही दोघं प्राचार्यांकडे गेलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. “यानी रिज़ल्ट शत-प्रतिशत है,” ते म्हणाले, “और गणित विभाग को इससे तकलीफ़ है.”

“तकलीफ़ ये है, सर, कि बच्चों ने कुछ किया नहीं,” सर म्हणाले.

“मशीन ने सही कहा कि नहीं?”

“कहा.”

“तो फिर?”

खरं म्हणजे सगळा वर्ग म्हणताना मी एकीला सोडून बोलले. एका मुलीला पूर्ण गुण नव्हते. ती मझौलीहून रोज बसने यायची, अर्धा तास उशिरा पोचायची आणि सरळ पहिल्या बाकावर येऊन बसायची. तिच्याबद्दल काही गोड लिहावं तर जमत नाही. ती वर्गात बसली की माझा तास अर्धाच व्हायचा. मी फळ्यावर ‘माना कि x’ एवढं लिहिलं की मागून आवाज यायचा, “मॅडम, क्यों मानें?” कँटीनवाल्याशी तिचं एकदा समोशात बटाटा किती असला म्हणजे त्याला समोसा म्हणावं यावरून वाजलं होतं. सर तिच्यावर खूश असायचे, कारण तिचा वर्ग त्यांच्याकडे कमी आणि माझ्याकडे जास्त होता.

चाचणीनंतर ती स्टाफरूमच्या दारात उभी राहिली. “मॅडम, मेरा एक सवाल गलत किया है. वो गलत नहीं है.”

मी उघडून पाहिलं. तोच प्रश्न, (x + 1)(x − 1) भागिले (x − 1). तिने एकटीने तो सोडवला होता आणि लिहिलं होतं, ‘x + 1, जब x बराबर 1 न हो’. यंत्राला हे पुढचं वाक्य काही झेपलं नव्हतं. त्याने ‘अमान्य उत्तर’ म्हणून शून्य दिलं होतं.

आता हिने लिहिलं होतं ते पुस्तकाप्रमाणे शंभर टक्के बरोबर. x ची किंमत एक असेल तर छेद शून्य होतो, आणि शून्याने भागायचं नसतं हे आम्ही शाळेपासून घोकून घेतो. काटाकाटी केली की तो छेद दिसेनासा होतो, म्हणून कुठे काटलं ते सांगून ठेवायचं असतं. मीसुद्धा वर्गात ते सांगते, मुलं वहीत लिहितात आणि परीक्षेत विसरतात. एवढ्या वर्गातून एकीने लक्षात ठेवलं, तर तिला शून्य.

“तुझं बरोबर आहे, म्हणजे, तुम सही हो,” मी म्हटलं. “मैं देखती हूँ.”

“कब देखेंगी?”

मी पुन्हा इंदूरला फोन केला. प्रश्न परत लिहिला तर गुण मिळू नयेत, एवढं करा म्हटलं. तो म्हणाला, “समझ गया, मॅडम जी. सख्त कर देते हैं.”

सख्त म्हणजे काय केलं ते दुसऱ्या चाचणीत कळलं. आता यंत्र काही आवरत नव्हतं, काही समजूनही घेत नव्हतं. माझं उत्तर आणि मुलाचं उत्तर अक्षराला अक्षर जुळलं तरच गुण. मी x + 1 लिहिलेलं, मुलाने 1 + x लिहिलं की शून्य. कोणी बेरजेच्या चिन्हाच्या अलीकडे जागा सोडली की शून्य. वर्गच्या वर्ग गारद झाला. ज्या मुलांनी या खेपेला खरोखर गणितं सोडवली होती ती रडवेली होऊन माझ्याभोवती गोळा झाली. “मॅडम, एक धन x और x धन एक में फर्क होता है क्या?” मी इतकी वर्षं छातीठोकपणे सांगत आले होते की होत नाही. मझौलीच्या मुलीने पुन्हा ‘जब x बराबर 1 न हो’ लिहिलं होतं आणि तिला पुन्हा शून्य होतं, पण या वेळी तिला निदान सोबत होती.

आता मात्र प्राचार्य हलले. मुलं काही शिकली नाहीत तर चालण्यासारखं असतं, नापास झालेली चालत नाहीत. त्यांनी इंदूरच्या माणसाला बोलावून घेतलं. तो रात्रीच्या गाडीने येऊन सकाळी हजर झाला, शर्ट तसाच इस्त्रीचा. पोपटी प्रयोगशाळेत आम्ही जमलो: प्राचार्य, सर, मी आणि तो. तेवढ्यात दार ढकलून मझौलीची मुलगी आली. तिला कोणी बोलावलं नव्हतं. सरांनी तिच्यासाठी खुर्ची ओढली तेव्हा मला कळलं कोणी बोलावलं होतं ते.

त्या माणसाने आधी आम्हाला समजावलं की जुनीच पद्धत, म्हणजे आवरून जुळवायची, चांगली आहे. मग मुलीकडे वळून फार प्रेमाने म्हणाला, “और आपका जो कहना है ना दीदी, कि x एक नहीं हो सकता, वो सिस्टम में होता है. मैं दिखाता हूँ.” त्याने मोठ्या पडद्यावर ती सगळी पदावली टाकली आणि खाली x ची किंमत एक दिली. यंत्र म्हणालं, दोन.

“देखिए. दो आ गया. दिक्कत कहाँ है?”

मुलगी म्हणाली, “आपने एक रखा, उससे पहले ही इसने काट दिया.”

“काटना तो नियम है, दीदी.”

“शून्य को शून्य से काटना किसका नियम है?”

प्राचार्य घड्याळाकडे बघत होते. सरांनी खिशातलं पेन काढून त्या माणसापुढे ठेवलं. “हाथ से करके देख लीजिए ना.”

त्याने कुठल्याशा माहितीपत्रकाच्या पाठीमागे गणित मांडलं. तोही कधीतरी इंजिनियर झालेलाच होता, हात चुकला नाही. वर एक अधिक एक, दोन. गुणिले एक वजा एक, शून्य. वर शून्य. खाली एक वजा एक, शून्य. त्याने पेन टेकवलं तिथेच ठेवलं.

“टेक्निकली आप सही हैं,” तो म्हणाला.

सरांचा चेहरा लग्नघरातल्यासारखा उजळला. “गणित में टेक्निकली के अलावा और किस तरह सही होते हैं, ज़रा बताइए.”

“चलो, चाय पीते हैं,” प्राचार्य म्हणाले.

चहा आला. चहा पिता पिता प्राचार्यांनी मुलीला विचारलं, “बेटा, तुम्हें कितने नंबर चाहिए?”

“जितने का सवाल है उतने, सर.”

मला वाटलं आता सुटलं. पण प्राचार्यांनी कॉलेज काही उगीच चालवलेलं नाही. त्यांनी निर्णय दिला तो असा: हा प्रश्न वादग्रस्त आहे, सबब तो प्रश्नसंचातून काढून टाकण्यात येत आहे, आणि त्याचे गुण सर्व विद्यार्थ्यांना बोनस म्हणून देण्यात येत आहेत. इंदूरच्या माणसाने लगेच दोन कळा दाबल्या. प्रश्न गेला. सगळा वर्ग त्या प्रश्नात पूर्ण गुणांनी पास झाला.

मुलीने कप खाली ठेवला. “सबको?”

“सबको,” प्राचार्य प्रसन्नपणे म्हणाले.

“जिन्होंने सवाल ही वापस लिख दिया, उनको भी?”

“बेटा, तुम्हें मिल गए ना?”

तिने बॅग उचलली आणि कोणाला नमस्ते न करता निघून गेली. तिच्या बाजूने ते बरोबरच होतं. तिला हवी होती ती खूण, आणि मिळालं ते वाटपातलं.

त्यानंतर बरेच दिवस ती वर्गात यायची, बसायची आणि एक शब्द बोलायची नाही. मी ‘माना कि’ म्हटलं की ती मानायची. हजेरीला ‘यस मॅडम’, एवढंच. इतकी वर्षं ज्या शांततेसाठी मी तरसले होते ती शांतता मला मिळाली आणि माझा तास नीरस व्हायला लागला. फळ्याकडे तोंड करून लिहिताना मी मागून आवाज येण्याची वाट बघायची. घरी नवऱ्याला सांगितलं तर म्हणाला, “बरं झालं ना, आता कोर्स वेळेवर संपन.” संपला, वेळेच्या आधी संपला. मला काही बरं वाटलं नाही.

एक दिवस मी सरांना म्हटलं, “सर, मला हे असं चालणार नाही. मी कागदावर परीक्षा घेणार.”

“मॅडम, कॉलेज पेपरलेस आहे. बोर्ड लागला ना गेटवर.”

“मग काय करायचं?”

सरांनी डोकं खाजवलं. निवृत्तीला आलेल्या माणसाला नियमांची जी माया असते ती त्यांच्यात पुरेपूर होती. कुठला नियम कुठून वाकतो ते त्यांना पाठ होतं. म्हणाले, “संगणकावर परीक्षा देताना मुलांना कच्चं काम करायला कागद लागतोच. तो पेपर नाही. ती रफ शीट.”

म्हणून आम्ही रफ शीट सुरू केली. मुलं प्रयोगशाळेत बसायची, पडद्यावर प्रश्न बघायची, कागदावर सोडवायची, आणि मग काहीतरी टाइप करायची. काय टाइप करायची याकडे आम्ही बघत नसू. रफ शीट मी घरी न्यायचे, तपासायचे, आणि त्या सॉफ्टवेअरमध्ये ‘शिक्षक संशोधन’ (हिंदीत संशोधन म्हणजे दुरुस्ती) नावाची जी एक चौकट होती, जिच्यात यंत्राने दिलेले गुण बदलता येत, तिच्यात एकेका मुलाचे गुण भरायचे. वह्यांचा गठ्ठा होता तेवढाच राहिला, वरून टाइपिंग वाढलं. कॉलेजला त्या वर्षी पेपरलेस मूल्यांकनाचं प्रशस्तिपत्र मिळालं. त्यावर प्राचार्यांसोबत विभागप्रमुखांचीही सही लागते म्हणून सरांनी सही केली, आणि मला म्हणाले, “मॅडम, मी टेक्निकली सही केली.”

पहिल्या रफ शीटमध्ये मी मुद्दाम तो प्रश्न पुन्हा घातला. या खेपेला वर आणि खाली एकच्या जागी दोन घेतला, एवढंच. माझ्याकडे त्या आठवड्यात घरी पाहुणे होते, म्हणून अर्धा गठ्ठा सरांनी तपासला, आणि मझौलीच्या मुलीचा कागद त्यांच्या वाट्याला गेला. गुण लावून कागद परत वाटले. दुपारी ती स्टाफरूमच्या दारात. कितीतरी दिवसांनी.

“मॅडम, सर ने ये क्या लिखा है?”

मी कागद घेतला. ‘x + 2, जब x बराबर 2 न हो’ असं तिचं उत्तर, समोर पूर्ण गुण, आणि त्याच्या शेजारी लाल शाईत, सरांच्या ठसठशीत अक्षरात एकच शब्द: ‘बरोबर’. आयुष्यभर हिंदीतून पेपर तपासले, पण आनंद झाला की सरांच्या हातून मराठी उमटायचं.

“बरोबर लिखा है,” मी म्हटलं.

“वही तो. किसके बराबर?”

मला हसू आवरेना. ती गंभीर. मी तिला सांगितलं की हा मराठी शब्द आहे, आमच्यात याचा अर्थ सही, तसा समानही. उत्तर सही असलं की आम्ही बरोबर लिहितो.

“अच्छा.” तिने कागद परत घेतला, त्या शब्दाकडे बघत राहिली. मग तिच्या कपाळावर ती ओळखीची आठी आली. “पर मॅडम, बराबर होना और सही होना एक बात थोड़े ही है. वो लड़के जो सवाल वापस लिख रहे थे, वो भी तो बराबर ही लिख रहे थे.”

“हाँ,” मी म्हटलं.

“तो आपकी भाषा में दोनों के लिए एक ही शब्द क्यों है?”

“बैठो,” मी म्हटलं, आणि तिच्यासाठी खुर्ची ओढली. त्या दुपारी माझा एक तास बुडाला. दुसऱ्या दिवसापासून तिने वर्गात पुन्हा ‘क्यों मानें’ विचारायला सुरुवात केली.

सर पुढच्या वर्षी निवृत्त झाले. निरोप समारंभात प्राचार्य बोलायला उभे राहिले आणि त्यांनी अख्खं भाषण मराठीत केलं. जरा अडखळत, पण अगदी इकडच्या मराठीत, ‘काहून’ आणि ‘राहिलो’ सकट. आम्ही दोघं खुर्चीत खिळून बसलो. भाषणाच्या शेवटी ते म्हणाले, “मी तुम्हां दोघांचं रोज ऐकून राहिलो होतो. लई मजा येत होती.” सरांच्या चेहऱ्याचा रंग उडाला होता. मी आठवायला लागले, आम्ही काय काय बोललो होतो. मग आठवणं सोडून दिलं.

सॉफ्टवेअर अजून आहे. रफ शीटही आहे. आता सरांच्या जागी एक तरुण प्राध्यापक आले आहेत, ते मला दर महिन्याला विचारतात की आपण दोनदा का तपासतो. मी त्यांना ‘टेक्निकली’ असं उत्तर देते.

ती मुलगी बी.एस्सी. झाली आणि एम.एस्सी.ला विद्यापीठात गेली. परवाच्या थंडीत आली होती. कुठल्याशा अर्जासाठी चारित्र्याचा दाखला हवा होता. सोबत शेतातल्या मटाराची पिशवी, जी तिने माझ्या टेबलावर ठेवली. दाखल्याचा छापील मसुदा आमच्याकडे तयारच असतो. मी नाव भरलं, सही केली आणि तिच्या हातात दिला. तिने उभ्या उभ्या वाचला आणि परत माझ्यापुढे ठेवला.

“मॅडम, इसमें लिखा है कि मैं स्वभाव से विनम्र हूँ.”

“सबके में लिखा होता है.”

“पर ये सही नहीं है.”

मी तिच्याकडे बघितलं. ती चेष्टा करत नव्हती. मी पेन उचललं, ‘विनम्र’वर रेघ मारली, वर ‘स्पष्ट’ लिहिलं आणि शेजारी पुन्हा सही केली. तिने वाचलं, मान हलवली, कागद घडी न घालता फाइलमध्ये ठेवला आणि मझौलीची बस चुकेल म्हणून भराभर जिना उतरून गेली.